पाच सामायिकांचा वेळ
नांदेड–लातूर मार्गावरील एका वेगळ्या यात्रेविषयी

नांदेड शहर मागे टाकून लातूरकडे निघालेली गाडी गोदावरी ओलांडते, विष्णुपुरी मागे पडते आणि तूर-सोयाबीनचा काळ्या जमिनीचा मुलूख सुरू होतो. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर ही गावे एकामागून एक येतात आणि सुमारे १४० किलोमीटरच्या प्रवासानंतर लातूर येते. लोह्याहून एक वाट कंधारच्या राष्ट्रकूटकालीन किल्ल्याकडे जाते. राष्ट्रकूट राजे आपल्या बिरुदात ज्या लत्तलूर नगरीचे नाव अभिमानाने मिरवीत, ती नगरी म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक इतिहासकार मानतात. आचार्य जिनसेनांना गुरुस्थानी मानणारा अमोघवर्ष याच घराण्यातला. जैन वाचकाला हा रस्ता परका वाटू नये, इतके त्याचे नाते जुने आहे.

या रस्त्याने तुळजापूरचे भाविक जातात, हजूर साहिबच्या दर्शनाला निघालेले यात्रेकरू येतात, शिकवणी वर्गांसाठी मुले लातूर गाठतात आणि मोंढ्यातला माल घेऊन मालमोटारी दोन्ही दिशांनी धावतात. याच रस्त्यावर आणखी एक प्रवासी असतो. त्याच्या पिशवीत एक चादर, एक फाइल आणि पाण्याची अगदी छोटी बाटली असते. आठवड्यातून तीन वेळा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी तो घराबाहेर पडतो. त्याची यात्रा डायलिसिसची आहे.

अहमदपूरच्या मोंढ्यातील एक आडत व्यापारी डोळ्यांसमोर आणावा. वय साठीच्या आसपास. मधुमेह जुना, रक्तदाब त्याहून जुना. पायांवर सूज आली, भूक गेली, दम लागू लागला म्हणून नांदेडला दाखवले, तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाल्याचे निदान झाले. पहिले काही आठवडे नांदेडला डायलिसिस झाला. पुढे मुलीचे सासर लातूरला, म्हणून लातूरचे केंद्र ठरले. हा गृहस्थ काल्पनिक आहे. परंतु त्याच्यासारखी माणसे या मार्गावरील प्रत्येक गावात आहेत आणि वाचकाच्या नात्यागोत्यातही एखादा तरी असेल.

व्यापाऱ्याला हिशेब चटकन कळतो, म्हणून आधी हिशेबच मांडलेला बरा. आठवड्याला तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास. म्हणजे वर्षाकाठी १५६ फेऱ्या आणि यंत्राशेजारी ६२४ तास. जाण्यायेण्याचा वेळ, आपल्या पाळीची वाट पाहण्याचा वेळ आणि नंतर येणारा थकवा यात धरलेला नाही. आयुष्यभर इतरांचा माल काट्यावर मोजणारा हा माणूस आता प्रत्येक वेळी स्वतः काट्यावर उभा राहतो: एकदा यंत्राला जोडण्यापूर्वी, एकदा सुटल्यानंतर. मधल्या दोन दिवसांत किती पाणी अंगात साठले, ते त्या काट्यावर दिसते. जास्त भरले की परिचारिका विचारते, घरचे रागावतात आणि हा मान खाली घालतो.

या उपचाराचा इतिहास फार जुना नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, हॉलंडमधील डॉ. विलेम कोल्फ यांनी पहिले उपयुक्त कृत्रिम मूत्रपिंड बनवले. १९६० मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिनीला कायम जोडता येईल अशी नळी तयार केली आणि एकाच रुग्णाला वर्षानुवर्षे डायलिसिस देणे शक्य झाले. त्यापूर्वी या आजाराचा शेवट ठरलेला असे. मराठवाड्यातील सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात हा उपचार येण्यास मात्र अर्धे शतक जावे लागले. २०१२ च्या जुलैमध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २०१६ पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आला. खर्चाचा प्रश्न पूर्ण मिटला नसला, तरी घरदार विकण्याची पाळी आता पूर्वीइतकी येत नाही.

यंत्र रक्त शुद्ध करते. मन मात्र रक्ताबरोबर त्या नळीतून जात नाही.

डायलिसिसच्या रुग्णांतील नैराश्याविषयी जगभर अभ्यास झाले आहेत. २०१३ मध्ये त्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. तज्ज्ञाने मुलाखत घेऊन तपासले, तर पाचांपैकी सुमारे एका रुग्णात नैराश्य आढळते. प्रश्नावलीने तपासले, तर हे प्रमाण पाचांपैकी दोघांपर्यंत जाते. तरीही पुष्कळदा ते ओळखले जात नाही. याचे कारण साधे आहे. झोप न लागणे, भूक मंदावणे, थकवा, कशात रस न वाटणे ही नैराश्याची लक्षणे आहेत आणि मूत्रपिंडाच्या आजाराचीही. त्यामुळे घरचे म्हणतात, ‘आजारच असा आहे, चालायचेच.’ म्हणून सर्वप्रथम डॉक्टरांकडून हे पाहून घ्यावे की, हिमोग्लोबिन फार उतरलेले नाही ना, डायलिसिस पुरेसा होतो आहे ना, रात्री पाय वळवळणे किंवा अंगाची खाज यामुळे झोपमोड होत नाही ना. ही कारणे दूर झाली, तर खिन्नता काही अंशी कमी होऊ शकते.

उरलेली खिन्नता कुठून येते? अहमदपूरच्या त्या आडत्याकडे पाहावे. पहाटे तो निघतो तेव्हा मोंढा उघडलेला नसतो. परततो तेव्हा सौदे संपलेले असतात. मुलगा दुकान चोख सांभाळतो आणि वडिलांना त्रास नको म्हणून त्यांना काही विचारत नाही. पत्नी काळजीपोटी ताटातला पापड उचलून ठेवते, लोणच्याची बरणी कपाटात लपवते. नातवंडांना सांगितले जाते, ‘आजोबांना बोलवू नका, ते दमलेत.’ प्रत्येकाचा हेतू चांगलाच. परंतु या सर्व चांगल्या हेतूंची बेरीज अशी होते की, ज्या माणसाच्या शब्दावर काल लाखांचे सौदे होत, त्याला आज पापडाचाही अधिकार उरत नाही. आपण ओझे झालो आहोत, ही भावना येथे जन्म घेते. त्यात पुढच्या वेळी रक्तदाब घसरेल का, सुई नीट लागेल का, फिस्टुला बंद पडेल का, ही चिंता आदल्या रात्रीपासून सोबतीला असते.

मनावरील गोळ्या असतात आणि काहींना त्या आवश्यकही असतात. परंतु अशा रुग्णाच्या पेटीत आधीच अनेक औषधे असतात. मूत्रपिंडे काम करीत नसल्याने कित्येक औषधांची मात्रा फार जपून ठरवावी लागते. म्हणून गोळीशिवाय काय करता येईल, याचा शोध वैद्यकाने गांभीर्याने घेतला आहे. २०१९ मध्ये कोक्रेन या संस्थेने अशा प्रयोगांचा आढावा घेतला. विचारांना वळण देणारे समुपदेशन, व्यायाम आणि शरीर-मन सैल सोडण्याच्या पद्धती यांनी डायलिसिस रुग्णांची खिन्नता बहुधा कमी होते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी अमेरिकेतून एक तुलनाही प्रसिद्ध झाली. १२० रुग्णांपैकी काहींना बारा आठवडे गोळी दिली, काहींशी डायलिसिस चालू असतानाच शेजारी बसून पद्धतशीर बोलणे केले. दोन्ही गटांना उतार पडला. गोळीचा गुण किंचित अधिक, पण तिचे त्रासही अधिक. खुर्चीशेजारी बसून केलेले बोलणे गोळीच्या इतके जवळ पोहोचते, ही गोष्ट लहान नाही.

हे बोलणे म्हणजे उपदेश नव्हे. ‘हिंमत ठेवा’, ‘देवावर भरवसा ठेवा’ ही वाक्ये रुग्णाने शंभर वेळा ऐकलेली असतात. समुपदेशक विचारतो: ‘मी कुटुंबावर ओझे आहे’ हा विचार मनात कधी येतो? त्याला आधार कोणता? त्याविरुद्ध पुरावा काय? या आठवड्यात स्वतःच्या हाताने करता येईल असे एक काम कोणते? जमाखर्चाची वही तपासावी, तसा विचार तपासायचा. चुकीची नोंद सापडली की ती दुरुस्त करायची.

व्यायामाचेही तसेच. अनेक देशांत रुग्ण खुर्चीवर किंवा खाटेवर असतानाच पायाने फिरवायचे छोटे पेडल-यंत्र देतात. रक्तदाब उतरण्याची भीती उत्तरार्धात अधिक असते, म्हणून हा व्यायाम साधारणपणे पहिल्या दोन तासांत करतात. सुई लावलेला हात स्थिर, पाय तेवढे फिरते. डॉक्टरांच्या परवानगीने आणि तंत्रज्ञाच्या देखत हे कुठेही होऊ शकते. ज्या दिवशी डायलिसिस नसेल, त्या दिवशी गल्लीतून दोन फेऱ्या मारल्या तरी चालते.

नांदेडला या सर्वांच्या जोडीला आणखी एक गोष्ट पाहायला मिळते. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला, त्या सचखंड हजूर साहिब गुरुद्वारात लंगर अखंड चालतो. तिथे वृद्ध माणसेही जमिनीवर मांडी घालून भाजी निवडताना, ताटे पुसताना दिसतात. त्यांतील कोण आजारी आहे, कोण दुःखी आहे, हे कोणी विचारीत नाही. प्रत्येकाच्या हाताला काम मिळते. सेवा ज्याला मिळते त्याचे भले होतेच, पण जो ती करतो त्याच्या मनाचा भारही हलका होतो. आडत्याच्या मुलाने हे सूत्र उचलावे. दिवसाचे भाव फोनवर कळवावेत, एखाद्या जुन्या शेतकऱ्याच्या उचलीचा प्रश्न वडिलांना विचारावा, रोजमेळ तपासायला त्यांच्याच हाती द्यावा. मोकळ्या हाताने टिपण करता येते आणि चार तासांत एक आठवड्याचा हिशेब सहज पाहून होतो.

लातूर जवळ येऊ लागले की पाण्याचा विषय टाळता येत नाही. १६ रस्ते जिथे एकत्र येतात ती गंजगोलाई, डाळींचा मोठा बाजार आणि शिक्षण यांसाठी ओळखले जाणारे हे शहर २०१६ च्या उन्हाळ्यात तहानेसाठी देशभर गाजले. मांजरा धरण आटले. पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागू झाली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून ‘जलदूत’ ही रेल्वे पहिल्यांदा पाणी घेऊन आली: दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर. डायलिसिसच्या प्रत्येक बैठकीला सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागते. यंत्रातून मिनिटाला अर्धा लिटर द्रव चार तास वाहत असतो. ते पाणी शुद्ध करताना वाया जाणारे पाणी वेगळेच. तहानलेल्या शहरात या यंत्रांसाठी पाणी राखणे म्हणजे काय, याची कल्पना यावरून यावी.

आणि ज्याच्यासाठी हे १२० लिटर वाहतात, त्या माणसाला स्वतः पिण्यासाठी मिळते साधारण लिटरभर पाणी. नेमके प्रमाण प्रत्येकाचे डॉक्टर ठरवतात. चहा, ताक, वरणातले पाणी, सारे त्यातच मोजायचे. मराठवाड्याच्या मे महिन्यात, बेचाळीस अंशांच्या उन्हात ही मर्यादा पाळणे किती कठीण असेल! घरचे तिला ‘बंदी’ म्हणतात. बंदी म्हटले की मन बंड करते, चोरून पाणी पिते, मग काट्यावर लाजते. इथे जैन घराला परंपरेने दिलेला एक शब्द उपयोगी पडतो. श्रावकाच्या व्रतांत भोगोपभोग-परिमाण आहे: आपण काय आणि किती घेणार, याची मर्यादा आपणच घालणे. सकाळी स्वतःच्या हाताने बाटली भरून ‘आज एवढेच’ असे म्हणणारा माणूस आणि ज्याच्या हातून पेला काढून घेतला जातो तो माणूस, दोघांच्या पोटात पाणी सारखेच जाते. मनःस्थितीत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर असते.

पर्युषण आणि दशलक्षणाच्या दिवसांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. घरात कोणी अठ्ठाई करीत असते, कोणी एकासने. आणि हा गृहस्थ, ज्याने तरुणपणी कधी उपवास चुकवला नाही, तो डॉक्टरांच्या आज्ञेने वेळेवर जेवतो. डायलिसिसमध्ये प्रथिने कमी होतात, ती भरून काढावी लागतात. उपवास त्याला घातक ठरू शकतो. ताटावर बसताना त्याला अपराधी वाटते. त्याला कोणीतरी आठवण करून द्यावी की, तपाचे बारा प्रकार आहेत आणि अनशन हा त्यांतील केवळ पहिला. ऊनोदरी आहे, रसपरित्याग आहे. आभ्यंतर तपांत स्वाध्याय आहे, ध्यान आहे, व्युत्सर्ग आहे. मीठ सोडणे आणि आवडीचे फळ नाकारणे हा रसपरित्यागच आहे. तो तर वर्षभर चालू आहे. साधू-साध्वींच्या दर्शनाला गेल्यावर हे दोन शब्द त्यांच्या मुखातून त्याने ऐकले, तर त्याचे मोल कोणत्याही गोळीहून कमी नाही.

चार तास म्हणजे २४० मिनिटे. सामायिकाचा काळ ४८ मिनिटांचा. म्हणजे प्रत्येक डायलिसिसमध्ये बरोबर पाच सामायिके बसतात. यंत्राच्या कक्षात आसन, मुहपत्ती, शुद्धी हा विधी पाळता येणार नाही, हे खरे. पण समभावाचा अभ्यास तिथे नक्कीच करता येतो. पहिला भाग पायांच्या व्यायामाचा. दुसरा दुकानाच्या हिशेबाचा. तिसरा ऐकण्याचा: स्तवन, प्रवचन किंवा आवडीचे जुने गाणे, कानात यंत्र घालून, शेजाऱ्याला त्रास न देता. चौथा श्वासाचा. आचार्य महाप्रज्ञांनी १९७५ मध्ये प्रेक्षाध्यानाची पद्धती मांडली. तिच्यातील दीर्घ श्वास पाहणे आणि कायोत्सर्ग, म्हणजे पायाच्या अंगठ्यापासून एकेक अवयव सैल सोडत जाणे, यासाठी फक्त आडवे पडण्याची जागा लागते. पाश्चात्त्य संशोधक ज्याला शिथिलीकरण म्हणतात, ते याहून फार वेगळे नाही. आणि पाचवा भाग बोलण्याचा. मात्र त्यासाठी समोर कोणीतरी बसलेले हवे.

येथे एक नाजूक गोष्ट स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. थकलेला रुग्ण कधीतरी म्हणतो, ‘आता पुरे. डायलिसिस नको. मला संथारा घेऊ द्या.’ धर्मनिष्ठ घर अशा वेळी गोंधळते. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला आत्महत्येच्या पंक्तीत बसवले, तेव्हा देशभरातील जैन समाज रस्त्यावर उतरला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. समाजाचे म्हणणे हेच होते की, या दोन गोष्टी भिन्न आहेत. मग तो भेद घरातही पाळला पाहिजे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सल्लेखनेचे पाच अतिचार सांगितले आहेत आणि मरणाची इच्छा हा त्यांतील एक आहे. दुःखाला कंटाळून मरण मागणे हे व्रत नव्हे, ते व्रताचे दूषण आहे. असा उद्गार ऐकू आला, तर त्याला वैराग्य समजून हात जोडू नयेत. त्याच दिवशी डॉक्टरांना आणि मानसतज्ज्ञांना सांगावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. चालू असलेले कोणतेही औषध स्वतःहून बंद करणे हादेखील याच मार्गावरचा धोका आहे.

लातूरहून औशामार्गे पुढे किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली असताना, भूकंपाने हजारो माणसे नेली. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची जबाबदारी घेतली. धान्य, तंबू, चादरी सर्वांनीच पाठवल्या होत्या. पण हादरलेल्या मुलाला वस्तूंहून अधिक माणसांची सोबत आणि नियमित दिनक्रम लागतो, हे त्या वेळी समाजाने ओळखले. त्याच समजुतीची आज डायलिसिसच्या कक्षात गरज आहे.

आपल्या समाजात वडिलांच्या स्मरणार्थ यंत्र देणारे दाते पुष्कळ आहेत आणि ते दान थोर आहे. परंतु यंत्राच्या पाटीवर नाव कोरलेल्या घरातील एखादा माणूस महिन्यातून एकदा त्या यंत्राशेजारी तासभर बसला, तर? वैयावच्च हे आभ्यंतर तप मानले आहे. त्यात पैसा लागत नाही, वेळ लागतो. नांदेड आणि लातूरच्या संघांनी इतके तरी करावे: आपल्या भागातील डायलिसिसवर असलेल्या साधर्मिकांची आणि इतर गरजूंचीही यादी करावी, केंद्राची परवानगी घेऊन युवक-युवती आणि निवृत्त मंडळींच्या पाळ्या लावाव्यात, आणि बसणाऱ्यांना एकच सूचना द्यावी की, सल्ला देऊ नये, ऐकावे. बाहेरगावच्या रुग्णांना एकत्र आणणारी एक गाडी असेल, तर प्रवासातच चौघांची मैत्री जमते.

दुपार कलते. यंत्र थांबते, सुया निघतात, हातावर पट्टी बसते. आडत्या पुन्हा काट्यावर उभा राहतो आणि आकडा डोळ्यांनी टिपतो. चाकूर मागे पडते, अहमदपूरच्या खुणा दिसू लागतात. घरी पोहोचल्यावर तो दमलेला असणार, आज काही बोलणारही नाही. पण उद्या सकाळी दुकानात मुलाने ‘बाबा, त्या सोयाबीनच्या पट्टीचे काय करायचे?’ असे विचारले, तर उत्तर देण्यासाठी तो उठून बसेल. परवा पुन्हा हाच रस्ता आहे, पुन्हा पाच सामायिकांचा वेळ आहे. त्यातील एक भाग कोणाच्या तरी येण्याची वाट पाहत रिकामा ठेवलेला आहे.